हवेचा रोध नगण्य मानावा

पदार्थविज्ञानाच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकात फेकलेल्या पदार्थाच्या गतीवरील उदाहरणे असतात, आणि त्यांतील बहुतेकांच्या शेवटी एक छोटेसे वाक्य असते : हवेचा रोध नगण्य मानावा. पुष्कळदा ते कंसात असते. पुढे पुढे तेही गळते आणि नुसते गृहीत राहते. विद्यार्थ्याची नजर त्यावरून घसरून वेग, कोन आणि अंतर या आकड्यांवर स्थिरावते, कारण गुण त्या आकड्यांना असतात. आमच्या मते मात्र त्या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच होय. ते लिहिता यावे म्हणून माणसाला सुमारे दोन हजार वर्षे लागली, आणि ते लिहिल्यानंतर त्याची खरी किंमत कळायला आणखी शंभर वर्षे गेली. प्रस्तुत लेखात या वाक्याचा इतिहास सांगण्याचा विचार आहे.

आधी उदाहरण पाहू. जमिनीवरून सेकंदाला २० मीटर वेगाने, क्षितिजाशी ३० अंशांचा कोन करून एक दगड फेकला. तो किती दूर पडेल? शाळेत शिकवलेली रीत अशी, की वेगाचे दोन भाग करावेत. वर जाणारा भाग १० मीटर, पुढे जाणारा भाग सुमारे १७.३ मीटर. मग कागदावर दोन रकाने आखावेत आणि एका रकान्यातील गोष्ट दुसऱ्यात मिसळू देऊ नये. उभ्या रकान्यात केवळ गुरुत्व. गुरुत्वीय त्वरण १० धरले तर दगड एका सेकंदात पाच मीटर उंची गाठतो आणि पुढच्या सेकंदात खाली येतो. आडव्या रकान्यात कोणतेही बल नाही, म्हणून दगड दोन सेकंद एकाच वेगाने पुढे जातो. अंतर सुमारे ३४.६ मीटर. कोन ६० अंशांचा केला तर दोन्ही भागांची अदलाबदल होते आणि अंतर तेवढेच येते. दोन्ही रकान्यांना जोडणारा दुवा एकच, तो म्हणजे काळ.

ही रीत आज इतकी सोपी वाटते, की तीत काही शोधून काढण्यासारखे होते यावर विश्वास बसत नाही. परंतु एकच वस्तू एकाच क्षणी दोन वेगळ्या गतींनी चालते, आणि त्या गती एकमेकींच्या वाटेत येत नाहीत, ही कल्पना मुळीच सहज सुचणारी नाही. प्राचीन विचारवंतांना ती सुचली नाही, याचे कारण त्यांचा प्रश्नच वेगळा होता.

त्यांचा प्रश्न असा होता : बाण धनुष्यातून सुटल्यावर त्याला पुढे कोण नेते? दोरी तर मागे राहिली. इ. स. पूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने याचे उत्तर हवेत शोधले. फेकणारा हात वस्तूबरोबर भोवतालच्या माध्यमालाही चालना देतो आणि ते माध्यम वस्तूला पुढे ढकलत राहते, असे त्याचे म्हणणे. म्हणजे त्याच्या दृष्टीने हवा ही गतीची वाहक. आजच्या विद्यार्थ्याला जी दूर सारायला सांगितली जाते, तीच. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या जॉन फिलोपोनसने याला हरकत घेतली आणि फेकणारा वस्तूतच काही प्रेरणा ठेवतो असे मत मांडले. इब्न सीनापासून चौदाव्या शतकात पॅरिसला शिकवणाऱ्या बुरिदाँपर्यंत हा विचार निरनिराळ्या रूपांनी वाढत गेला.

आपल्याकडे वैशेषिक दर्शनाने याच प्रश्नाला हात घातला होता. बाणाचे पहिले कर्म नोदनाने, म्हणजे ढकलण्याने, घडते. त्या कर्मातून बाणात संस्कार निर्माण होतो आणि पुढची गती त्या संस्काराने चालते. संस्कार संपला की गुरुत्वामुळे बाण पडतो, असा त्याचा आशय. हवेचा आधार न घेता बाणाची गती बाणातच शोधणारा हा विचार सूक्ष्म आहे यात शंका नाही. ‘न्यूटनच्या आधी आमच्याकडे’ अशा गर्जनेसाठी मात्र आम्ही तो येथे सांगत नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. संस्कार असेपर्यंत बाण जातो आणि संस्कार नसला की गुरुत्वाने पडतो, या मांडणीत दोन कारणे एकामागून एक कामाला लागतात. पहिल्याची पाळी संपल्याखेरीज दुसऱ्याची येत नाही. पश्चिमेतही अनेक शतके हीच समजूत होती : नैसर्गिक आणि सक्तीची अशा दोन गती, आणि एका वेळी एकीचेच राज्य. शिवाय बाण का जातो याची चर्चा दोन्हीकडे रंगली. तो कोठे पडेल, हा प्रश्न मोजमापाने सोडवण्याची गरज तत्त्वज्ञांना वाटली नाही.

ती गरज तोफेने निर्माण केली. निकोलो तार्तालिया हा ब्रेशियाचा गणिती. १५१२ साली फ्रेंच सैन्याने ते शहर लुटले तेव्हा हा मुलगा तलवारीच्या वारांनी तोंडावर जबर जखमी झाला. पुढे तो अडखळत बोलू लागला आणि ‘तार्तालिया’, म्हणजे तोतरा, हेच त्याचे नाव झाले. युद्धाने ज्याचे बोलणे हिरावले, त्यालाच १५३१ साली वेरोना येथे एका तोफची मित्राने विचारले, की तोफ कोणत्या कोनात उचलली असता गोळा सर्वांत लांब जाईल? तार्तालियाने विचार करून ४५ अंश असे सांगितले. जाणत्या तोफचींना हा कोन फार वाटला. पैज लागली आणि प्रत्यक्ष प्रयोगात तार्तालिया जिंकला.

पुढे काय घडले ते त्याने १५३७ साली व्हेनिसहून प्रसिद्ध केलेल्या ‘नोव्हा शिएन्तिया’, म्हणजे ‘नवे शास्त्र’, या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत सांगितले आहे. या विषयात तो जसजसा खोल गेला तसतसे त्याला वाटू लागले, की शेजाऱ्याचा नाश करणारी कला परिपूर्ण करत बसणे निंद्य आहे. त्याने आपले लिखाण नष्ट केले. परंतु तुर्की सुलतानाची स्वारी इटलीवर येणार अशी चिन्हे दिसताच त्याने मत बदलले. अशा वेळी ही विद्या दडवून ठेवणे योग्य नाही, असे ठरवून त्याने ती उर्बिनोच्या ड्यूकला अर्पण केली. फेकलेल्या पदार्थाच्या गणिताचा आधुनिक इतिहास असा अपराधाच्या जाणिवेने सुरू होतो. ही जाणीव आणि तिच्यावर मात करणारे कारण, या दोन्ही गोष्टी पुढच्या चारशे वर्षांत अनेक वैज्ञानिकांच्या वाट्याला आल्या.

तार्तालियाने गोळ्याच्या मार्गाचे जे चित्र काढले, त्याला आज पुष्कळजण हसतात. गोळा आधी तिरप्या सरळ रेषेत जातो, मग वर्तुळाच्या कमानीतून वळतो आणि शेवटी सरळ खाली पडतो, असे ते तीन तुकड्यांचे चित्र. जड वस्तू एकाच वेळी नैसर्गिक आणि सक्तीच्या गतीने जाऊ शकत नाही, हे तत्त्व त्याने मान्य केले होते. चित्र त्याला साजेसेच आहे. १५४६ सालच्या दुसऱ्या ग्रंथात मात्र त्याने आपले म्हणणे सुधारले आणि मार्गाचा कोणताही भाग पूर्ण सरळ नसतो असे बजावले. या चित्राकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे. तूर्त ते बाजूला ठेवू.

‘आधी हे, मग ते’ याच्या जागी ‘दोन्ही एकाच वेळी’ आणण्याचे काम गॅलिलिओने केले, आणि त्यासाठी त्याने तोफ वापरली नाही. पादुआ येथे असताना त्याने केलेल्या प्रयोगांचे एक पान उपलब्ध आहे. ते १६०८ च्या सुमाराचे मानले जाते आणि इतिहासकार स्टिलमन ड्रेक यांनी १९७३ साली ते अभ्यासकांपुढे आणले. त्या पानाच्या तपशिलाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, परंतु प्रयोगाची कल्पना स्पष्ट आहे. टेबलावरील उतरणीवरून एक गोळी सोडायची. टेबलाच्या कडेवरून ती आडवी सुटेल अशी योजना करायची. आणि ती जमिनीवर किती दूर पडते ते मोजायचे. टेबल तेच असल्यामुळे पडण्याचा काळ तोच. उतरणीची उंची वाढवली की फक्त आडवा वेग वाढतो, आणि तो उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढला पाहिजे.

गॅलिलिओचे एकक ‘पुन्तो’. ते एका मिलिमीटरहून किंचित लहान होते. उंची ३०० असता अंतर ८०० आले. यावरून ६०० उंचीला ११३१ यायला हवे, मिळाले ११७२. पुढे ८०० उंचीला १३०६ हवे, मिळाले १३२८. ८२८ ला १३३० हवे, मिळाले १३४०. १००० ला १४६० हवे, मिळाले १५००. फरक ४१, २२, १० आणि ४०. हे फरक गॅलिलिओने स्वतः मांडले आहेत. आजच्या प्रयोगवहीत असे फरक दिसले, तर विद्यार्थी खोडरबर हातात घेईल. गॅलिलिओने ते तसेच ठेवले आणि निष्कर्ष काढला : आडवी गती एकसारखी राहते, उभी गती वाढत जाते, दोन्ही एकाच वेळी चालतात, आणि त्यांच्या संयोगाने होणारा मार्ग म्हणजे अन्वस्त, आपल्या विद्यार्थ्यांच्या तोंडी असलेला ‘पॅराबोला’. शंकू कापल्यावर मिळणाऱ्या ज्या वक्राचा ग्रीक भूमितिकारांनी केवळ जिज्ञासेपोटी अभ्यास केला होता, तो असा अंगणात फेकलेल्या दगडात सापडला.

हा सिद्धांत १६३८ साली लायडन येथे छापलेल्या ‘दोन नव्या शास्त्रां’च्या ग्रंथात, चौथ्या दिवसाच्या संवादात, सविस्तर आला. गॅलिलिओ त्या वेळी आर्चेत्री येथे नजरकैदेत होता आणि त्याची दृष्टी गेली होती. ४५ अंशांना सर्वांत जास्त अंतर का मिळते, त्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या फरकाच्या कोनांना अंतर सारखे का येते, हे तेथे सिद्ध केले आहे. आमचे लक्ष मात्र दुसऱ्याच एका भागाकडे वेधले जाते. प्रमेय मांडून होताच संवादातील साग्रेदो आणि सिंप्लिचिओ शंका काढतात. गुरुत्वाची दिशा सर्वत्र समांतर कशी? ती तर पृथ्वीच्या केंद्राकडे वळते. आणि हवा? ती गोळ्याला अडवणार नाही काय? गॅलिलिओचा प्रतिनिधी साल्व्हियाती या दोन्ही हरकती मान्य करतो. अमूर्तात सिद्ध केलेली गोष्ट मूर्तात काहीशी बिघडते, असे तो कबूल करतो. हवेचे अडथळे आकार, वजन आणि वेग यांच्यानुसार इतक्या परींनी बदलतात, की त्यांचे पक्के शास्त्र करता येत नाही. म्हणून आधी ते दूर सारून सिद्धांत मांडावा आणि मग अनुभव ज्या मर्यादा शिकवील त्या मर्यादांत तो वापरावा, हे त्याचे उत्तर. शिवाय तो एक कुंपणही घालतो : बाण, गोफण यांच्या वेगांना हा सिद्धांत चालेल, परंतु दारूच्या स्फोटाने सुटलेल्या गोळीचा वेग इतका अनैसर्गिक असतो, की तेथे मार्ग बदलेल.

आमच्या पुस्तकांतील ‘हवेचा रोध नगण्य मानावा’ या वाक्याचा जन्म येथे झाला. मूळ ठिकाणी ते हरकतींना दिलेले उत्तर होते, आणि त्याला मर्यादांची जोड होती. पुस्तकांनी उत्तर ठेवले. हरकत घेणारे दोघे आणि मर्यादा मात्र गाळून टाकल्या.

गॅलिलिओचा शिष्य टोरिचेली याने १६४४ साली हे गणित आणखी पुढे नेले. १६४७ मध्ये जेनोआच्या रेनिएरीने त्याला कळवले, की तोफांवर केलेल्या चाचण्या पुस्तकातील सिद्धांताशी जुळत नाहीत. आपण तत्त्वचिंतकांसाठी लिहिले आहे, तोफचींसाठी नव्हे, अशा आशयाचे उत्तर टोरिचेलीने दिले. गुरूने मान्य केलेली मर्यादा शिष्याच्या उत्तरात तत्त्वचिंतकांची ढाल झाली. पुढे तोफखान्याच्या पुस्तकांतून अन्वस्ताची कोष्टके सुंदर छापली जाऊ लागली, आणि गोळे आपल्या मनाप्रमाणे पडत राहिले.

ही फारकत संपवली ती बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. त्याने लंबक वापरला. जड लाकडी ठोकळा टांगून त्यावर गोळी झाडायची, गोळी लाकडात रुतते आणि ठोकळा झोका घेतो. झोक्याच्या मापावरून गोळीचा वेग निघतो. बंदूक आणि ठोकळा यांतील अंतर वाढवत गेले की वाटेत हवेने किती वेग खाल्ला तेही कळते. १७४२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी’ या त्याच्या ग्रंथातील आकडे आजही थक्क करतात. पाऊण इंच व्यासाची शिशाची गोळी सेकंदाला १७०० फूट वेगाने ४५ अंशांत सुटली, तर अन्वस्ताच्या हिशेबाने ती सुमारे १७ मैल जायला हवी. प्रत्यक्षात ती अर्धा मैलही जात नाही. त्या वेगाला हवेचा रोध गोळीच्या वजनाच्या सुमारे १२० पट असतो. जे नगण्य मानले होते, ते गुरुत्वाच्या शंभर पटींहून मोठे निघाले. थोर गणिती ऑयलरने १७४५ साली या छोट्या पुस्तकाचे जर्मन भाषांतर केले आणि त्याला मूळ ग्रंथाहून कितीतरी मोठे भाष्य जोडले. रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात किल्ल्यांच्या दुरुस्तीसाठी आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारला.

गोळी अर्ध्या मैलात पडते याहून गंभीर परिणाम गणितावर झाला. वेगवान वस्तूला होणारा हवेचा रोध साधारणपणे एकूण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एकूण वेगात आडवा आणि उभा, दोन्ही भाग असतात. म्हणून पुढे जाण्याचा वेग अधिक असला की खाली पडण्यालाही अडथळा अधिक होतो. कागदावर आखलेल्या दोन रकान्यांमधली रेघ पुसली जाते. ज्या एका युक्तीवर सारे प्रकरण उभे आहे, ती युक्तीच त्या छोट्या वाक्याच्या आधाराने उभी आहे. रेघ पुसली की सुटसुटीत सूत्र उरत नाही. मार्ग क्षणाक्षणाने, पावलापावलाने मोजावा लागतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराला तोफांची कोष्टके हवी होती, तेव्हा साठ सेकंदांच्या एका मार्गाचे गणित हाताने यंत्र चालवून करायला सुमारे वीस तास लागत. हे काम करणाऱ्यांत अनेक तरुणी होत्या आणि त्यांना ‘कॉम्प्यूटर’ असेच म्हणत. त्यांचे काम जलद व्हावे म्हणून बांधलेला एनिॲक हा संगणक १९४६ साली जगापुढे आला. तेच गणित तो अर्ध्या मिनिटात करी, आणि त्याची आज्ञावली रचणाऱ्या सहाही जणी त्याच गणक तरुणींतून निवडल्या होत्या. आज ज्या यंत्रावर वाचक हा लेख वाचत असतील, त्याच्या कुळाचा एक पूर्वज अशा रीतीने ‘नगण्य’ हवेच्या हिशेबासाठी जन्मला.

आता तार्तालियाच्या चित्राकडे परत जाऊ. बॅडमिंटनचे फूल जोरात उंच मारून पाहावे. ते तिरपे, जवळजवळ सरळ वर जाते, झटकन वळते आणि जवळजवळ सरळ खाली येते. अन्वस्ताची दोन्ही अंगे सारखी असतात. या मार्गाची नसतात. एकविसाव्या शतकात फ्रेंच संशोधकांनी अशा मार्गांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना तार्तालियाचेच नाव दिले. तार्तालियाची कारणमीमांसा चुकीची होती, परंतु तोफचींच्या डोळ्यांना जे दिसत होते ते त्याच्या चित्रात उतरले होते. ज्या खेळाला एकोणिसाव्या शतकात ‘पूना’ असे आपल्या पुण्याचे नाव होते, त्या खेळाने त्याची अशी बाजू घ्यावी ही गंमतच.

मग शाळेतील उदाहरण खोटे म्हणायचे काय? मुळीच नाही. गॅलिलिओने हवा दूर सारली नसती, तर हवेचा परिणाम म्हणजे नेमके काय, हेही कोणाला सांगता आले नसते. रॉबिन्सचे १७ मैल अन्वस्तानेच दिलेले आहेत आणि त्यांच्याशी ताडून पाहिले म्हणूनच अर्धा मैल बोलका झाला. प्रश्न फक्त इतकाच, की दूर सारणे हा निर्णय आहे याची आठवण विद्यार्थ्याला राहते की नाही. एका साध्या भागाकाराने ती राहू शकते : हवेचा रोध भागिले वस्तूचे वजन. पुरुषांच्या गोळाफेकीतील ७.२६ किलोचा गोळा घेतला, तर हा भागाकार एका टक्क्याहूनही कमी येतो. तेथे ते वाक्य निःशंक लिहावे. क्रिकेटचा चेंडू ताशी १४० किलोमीटर वेगाने सुटला, तर भागाकार एकाच्या आसपास येतो. म्हणजे हवा आणि पृथ्वी त्याला सारख्याच जोराने ओढतात. बॅडमिंटनच्या फूलाला सेकंदाला ६० मीटर वेगाने मारले, तर तो सत्तर-ऐंशीच्या घरात जातो. एकच वाक्य पहिल्या ठिकाणी खरे, दुसऱ्या ठिकाणी शंकास्पद आणि तिसऱ्या ठिकाणी हास्यास्पद ठरते. कोणत्या ठिकाणी काय, हे ओळखणे म्हणजेच पदार्थविज्ञान. उरलेले त्रिकोणमितीचे काम आहे.

पुस्तकांनी या उदाहरणातून हवेबरोबर आणखी एक गोष्ट काढून टाकली आहे, ती म्हणजे तोफची. ‘एक तोफगोळा अमुक वेगाने सोडला’ असे वाक्य आम्ही शाळेत शेकडो वेळा वाचतो. तो कोणी सोडला आणि कोणावर पडला, हे विचारण्याची सोय त्यात नसते. सोळा वर्षांच्या मुलाच्या उदाहरणात ती असावी असाही आमचा आग्रह नाही. परंतु या शास्त्रावरचे आपले पहिले लिखाण ज्याने स्वतःच्या हाताने नष्ट केले, त्याच्या मनातही काही हिशेब चालला होता आणि त्या हिशेबात काही गोष्टी नगण्य मानायला त्याचे मन तयार नव्हते. अखेर त्यानेही त्या बाजूला ठेवल्या. बाजूला ठेवताना त्या आपण बाजूला ठेवत आहोत हे त्याने लिहून ठेवले, म्हणून चारशे ऐंशीहून अधिक वर्षांनी आपल्याला ते कळते. शास्त्रात काय वगळावे याला नियम असू शकतात. वगळलेल्या गोष्टीची नोंद ठेवावी, याला मात्र अपवाद नसावा.